शोधाच्या यादीत बाईचं नाव

(घरगुती आणि लहान उद्योग करणाऱ्या बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचं नाव ऐकून तुमच्यापैकी काही जणींना वाटलं असेल, हे संगणकवाल्यांचं काम, आपला काय संबंध? आपण डबे करतो, मसाले कुटतो, ब्लाउज शिवतो, पार्लर चालवतो. पण गिऱ्हाईक आता येतं कुठून, ते आठवून बघा. पूर्वी गिरणगावातली खानावळवाली बाई कोणाला पाटी दाखवत नव्हती. गावाकडचा माणूस आला की आधीचे गाववाले त्याला तिच्याकडे घेऊन जात. आज नोकरीसाठी पुण्याला आलेली मुलगी खोली मिळाल्याबरोबर फोन काढते आणि लिहिते, 'जवळचा घरगुती डबा'. त्या यादीत जी दिसते तिला फोन जातो. जी दिसत नाही तिचा डबा कितीही चांगला असो, त्या मुलीच्या लेखी ती नाहीच.

म्हणजे शिफारस करणारा बदलला. शेजारणीच्या जागी एक कंपनी आली. शेजारणीला आपण विचारू शकत होतो, बाई गं, माझं नाव का नाही सांगितलंस? या नव्या शिफारस करणाऱ्याला काय विचारायचं आणि कसं, हा आजचा प्रश्न आहे.

यादी कशी लागते?

गूगलवर जवळचं दुकान शोधलं की नकाशा येतो आणि खाली दोन-तीन नावं येतात. ही नावं कशावरून ठरतात? कंपनी स्वतः तीन गोष्टी सांगते. शोधलेल्या शब्दांशी तुमचा धंदा किती जुळतो, तो शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे, आणि तो किती माहीत असलेला आहे. या यादीतला वरचा नंबर पैसे देऊन मिळत नाही, असंही कंपनी म्हणते. पण यादीच्या वर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहून जाहिराती असतात आणि त्या लिलावाने विकल्या जातात. कोणी त्या जाहिरातीवर बोट ठेवलं की जाहिरातदाराचे पैसे कापले जातात, मग गिऱ्हाईक ऑर्डर देवो न देवो. मोठ्या हॉटेलच्या साखळीला हे परवडतं. तीस डबे करणाऱ्या बाईला परवडत नाही.

तिसरी गोष्ट, माहीत असणं, नीट बघा. किती जणांनी अभिप्राय लिहिले, किती तारे दिले, दुसरीकडे कुठे नाव आलं आहे का, यावर ते ठरतं. आपलं गिऱ्हाईक 'वहिनी, आज भाजी छान होती' असं तोंडी सांगतं आणि जातं. ते कुठे लिहिलं जात नाही. बाईच्या घरकामाची नोंद जशी कुठल्या हिशोबात होत नाही, तशीच ही बिननोंदीची पत आहे.

खातं कोणाच्या नावावर?

आता आपल्या चळवळीचा जुना प्रश्न इथे नव्या कपड्यात येतो. घर कोणाच्या नावावर, सातबारा कोणाच्या नावावर, हे आपण वर्षानुवर्षं विचारत आलो. आता विचारा, धंद्याचं खातं कोणाच्या नावावर? बहुतेक ठिकाणी ते मुलाने किंवा पुतण्याने त्याच्या ईमेलवरून काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्याला माहीत. ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर. भांडण झालं, नवऱ्याने घराबाहेर काढलं, तर बाई हात घेऊन बाहेर पडते. पाच वर्षांत जमलेले तारे, अभिप्राय, गिऱ्हाइकांचे नंबर मागे राहतात.

हे घरोघरी का होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये तेच प्रमाण ५७.१ टक्के होतं. त्यानंतर फोन वाढले आहेत. पण घरात फोन असणं आणि तो बाईच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मुद्दा पत्त्याचा. एकटी राहणारी बाई घरातून शिवणकाम करते. दिसायचं तर पत्ता द्या, फोन द्या. मग रात्री अकराला नको ते फोन येतात. इथे एक सोय आहे आणि ती सगळ्यांना माहीत असायला हवी. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, ज्या स्वतः माल पोचवतात, त्यांना गूगलवर घराचा पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात सेवा देतो एवढंच दाखवता येतं. आणि धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या, तुमच्या स्वतःच्या नावावर.

नियम त्यांचे, जागा त्यांची

'फुकट तर आहे, मग तक्रार कसली?' असं आपल्याला ऐकवलं जातं. फुकट दिलेलं परत घेताही येतं. गूगलने लहान धंद्यांना एका पानाची वेबसाइट फुकट काढून दिली होती. कित्येकांनी तो पत्ता कार्डावर छापला, पाटीवर रंगवला. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ती सोय बंद केली. त्याच वर्षीच्या जुलैअखेर धंद्याच्या खात्यातून गिऱ्हाइकाशी चॅटवर बोलण्याची सोयही गेली. कोणाला विचारलं नाही, कारण विचारण्याचं बंधन नव्हतं.

एक लढा सांगते. तो इंग्लंडमधला आहे, पण आपल्याला शिकवणारा आहे. शिवॉन आणि अ‍ॅडम राफ या जोडप्याने फाउंडेम नावाची सेवा सुरू केली. एखादी वस्तू कुठे स्वस्त मिळते ते ती शोधून सांगायची. जून २००६ मध्ये, सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, गूगलच्या यादीत ती इतकी खाली गेली की कोणाच्या नजरेस पडेना. गूगलची स्वतःचीही भावांची तुलना करणारी सेवा होती. या दोघांनी आधी गूगलकडे दाद मागितली, मग २००९ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. इतर धंदेवाले जोडले गेले. जून २०१७ मध्ये आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला, कारण आपल्याच सेवेला यादीत वर बसवून इतरांना खाली ढकललं होतं. कंपनी कोर्टात गेली. शेवटचा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये लागला आणि दंड कायम राहिला. पण फाउंडेम २०१६ मध्येच बंद पडलं होतं. जिंकले, पण दुकान गेलं. न्याय मिळायला अठरा वर्षं लागली तर लहान धंदा तोपर्यंत जगत नाही.

आपल्याकडेही हे झालं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. त्या प्रकरणातल्या तक्रारी २०१२ च्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानेही म्हटलं की शोधाच्या बाजारात गूगलने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली. तेव्हा 'तुम्हाला तंत्रज्ञान कळत नाही म्हणून तुम्ही ओरडता' असं कोणी म्हणालं तर हे निकाल पुढे ठेवा.

नवी छाट

दुसरी वाट म्हणजे मोठ्या ॲपवर माल विकणं. गिऱ्हाईक भरपूर, पण प्रत्येक ऑर्डरमागे दलाली, वर सवलतीच्या योजनांचा भार. विडी वळणाऱ्या मैत्रिणींना 'छाट' हा शब्द माहीत आहे. वळलेल्या विड्यांमधून कारखान्याचा माणूस काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी मिळत नाही आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. ऑनलाइन धंद्यात माल 'परत' येतो, किंवा एक तारा देऊन कोणी निघून जातं, ती नवी छाट आहे. कारखान्यातल्या माणसाचा निदान चेहरा तरी दिसत होता. आणि गिऱ्हाईक कोण होतं, त्याचा नंबर काय, हे ॲप आपल्याला कळू देत नाही. माल आपला, ओळख त्यांची.

कायद्यानेही आपली बाजू उशिरा घेतली. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण तोच मसाला ऑनलाइन बाजारातून विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. म्हणजे दारावर विकणारी मोकळी आणि फोनवर विकणारी कागदांत अडकलेली. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे बदललं. मर्यादेच्या आतली विक्री असेल आणि माल राज्यातच विकायचा असेल, तर पॅन देऊन फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवायचं तर मात्र पूर्ण नोंदणी हवीच. बेळगावच्या मावशीला ॲपवरून लाडू विकायचे तर तो परप्रांतीय व्यापार! ही अट जायला हवी.

उत्तर तिथेच, दार बंद

सगळ्यात नवा बदल म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं तयार उत्तर. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल यादीच्या वर यंत्राने जुळवलेला सारांश दाखवू लागलं. कोणी बाई वर्षानुवर्षं पाककृती लिहिते, त्यावर येणाऱ्या वाचकांतून तिला जाहिरातीचं चार पैशांचं उत्पन्न होतं, मसाला विकला जातो. आता तिच्यासारख्या अनेकींच्या लिखाणातून सारांश तयार होतो आणि वाचणारा तिच्या पानावर जातच नाही. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधल्या शोधांचा अभ्यास केला. सारांश नसेल तेव्हा १५ टक्के वेळा लोक यादीतल्या एखाद्या दुव्यावर गेले, सारांश असेल तेव्हा फक्त ८ टक्के वेळा. जवळजवळ निम्मी वर्दळ गेली. बाईचं ज्ञान घ्यायचं आणि तिचं नाव पुसायचं, हे आपल्याला नवीन नाही. पूर्वी ते घरात होत होतं.

मग करायचं काय?

फोन फेकून द्या असं मी म्हणणार नाही. या माध्यमामुळे घराबाहेर न पडू शकणाऱ्या कित्येक जणींच्या हातात पैसा आला आहे. पण एकटीने हे झेपणारं नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्यांना एकत्र केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ झालं. सावकाराच्या दारात जाणारी बाई बँकेत जाऊ लागली. तेव्हा प्रश्न भांडवलाचा होता. आता भांडवलाबरोबर दिसण्याचाही आहे, आणि त्यावरही उपाय एकत्र येण्याचाच.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. प्रत्येकीचं खातं तिच्या स्वतःच्या ईमेलवर आणि नंबरवर आहे का, ते तपासा. नसेल तर त्याच दिवशी बदला. मुलाला चालवू द्या, पण मालकीण तुम्ही रहा. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर, त्यांना विचारून, एका वहीत लिहा. ती वही कोणी बंद करू शकत नाही. कौतुक करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणा, हेच दोन ओळी मराठीत लिही. खोटे अभिप्राय मात्र विकत घेऊ नका, पकडलं गेलं तर खातंच जातं. सगळी विक्री एकाच ॲपवर टाकू नका.

आणि मागण्या सरकारकडे करा. खातं बंद करण्याआधी किंवा दलाली वाढवण्याआधी लेखी सूचना आणि कारण. तक्रार ऐकायला माणूस, तोही मराठीत बोलणारा. गिऱ्हाइकाच्या संमतीने त्याची माहिती विकणारीलाही मिळावी. तक्रारीचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा. डिजिटल स्पर्धेच्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारच्या समितीने मार्च २०२४ मध्ये लोकांपुढे ठेवला, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी आपलं म्हणणं जोरात मांडलं. अशी चर्चा पुन्हा होईल तेव्हा डबेवाल्या, पापडवाल्या, शिवणवाल्या बायांचं निवेदनही तिथे पोचलं पाहिजे.

त्या निवेदनाचा कच्चा मसुदा आज जेवणानंतरच्या गटचर्चेत आपण लिहायला घेणार आहोत. प्रत्येकीने आपल्या धंद्यातली एक अडचण तारखेसह सांगावी. लिहिता येत नसेल तिचं शेजारणीने लिहावं.