पातळ बुटांची घाई नको

मांडव्याच्या किनाऱ्यावर सकाळी चालायला येणाऱ्या बायकांमध्ये आता धावणाऱ्याही दिसू लागल्या आहेत. काहींच्या पायात अगदी पातळ तळाचे बूट असतात. टाचेखाली गादी नाही, बोटांना ऐसपैस जागा, वजनाला हलके. अनवाणी धावल्यासारखं वाटावं म्हणूनच ते तसे केलेले. रो-रो बोटीने आलेली मंडळी ते घालून धावताना दिसली की आपल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आपण तर जन्मभर अनवाणीच चाललो, आपल्याला काय अवघड?"

अवघड आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकाच पायावर येतो. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालणाऱ्या कोळणीचे पाय मजबूत असतात, पण चालण्यासाठी. आणि खरं सांगा, आता आपल्यातल्या किती जणी अनवाणी असतात? घरातल्या लादीवरसुद्धा स्लीपर लागते.

जाड बुटात बहुतेकांची टाच आधी टेकते. गादी काढली की टाच आपटल्यावर दुखतं, म्हणून पाय चवड्यावर किंवा सपाट पडू लागतो आणि पावलं आखूड होतात. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी केनियातल्या अनवाणी धावणाऱ्यांमध्ये हेच पाहिलं आणि २०१० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. टाचेचा दणका वाचतो, गुडघ्यावरचा ताणही कमी होतो. पण भार नाहीसा होत नाही. तो पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि चवड्याच्या पाच लांब हाडांवर जातो.

दुखापती कमी होतात का, हे त्या अभ्यासात मोजलेलंच नव्हतं. जाहिरातींनी मात्र थांबायची तयारी दाखवली नाही. पाच बोटांचे बूट काढणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत अशाच दाव्यांवरून खटला झाला. २०१४ साली कंपनीने चूक मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याआधी २०१३ मध्ये तिथल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने नेहमी धावणाऱ्या लोकांना दहा आठवड्यांत हळूहळू अशा बुटांची सवय करायला सांगितली होती. १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत आतून सूज वाढलेली आढळली. दहा आठवडेही पुरले नाहीत, हे लक्षात घ्या.

मग बारामतीच्या लता भगवान करे? नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून त्या नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी धावल्या आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आल्या. दोघींचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यांच्या पायामागे कष्टाची आणि सवयीची वर्षं आहेत. बुटांच्या खोक्यातून ती मिळत नाहीत.

तरी कुणाला करूनच पाहायचं असेल तर पहिले दोन-तीन आठवडे हे बूट घालून फक्त चाला, बाजारात जा. मग एक दिवसाआड चारशे-पाचशे मीटर धावा, बाकीचं नेहमीच्या बुटात. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवा. सगळं धावणं नव्या बुटात यायला सहा महिने लागले तरी काही बिघडत नाही. रोज पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा. उकिडवं बसायची सवय असेल तर सोडू नका, घोटा मोकळा राहतो.

पोटरी दोन दिवस भरून आली तर घाबरू नका. पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. ती सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून सासूबाई, नवरा आणि आपण स्वतःही पाय विसरतो, पाण्याच्या कळशा उचलतो आणि चिरेचं मोडणं होतं. डॉक्टरांना धावण्याचं आणि बूट बदलल्याचं आवर्जून सांगा. ज्यांची पाळी गेली आहे त्यांची हाडं ठिसूळ होऊ लागलेली असतात, त्यांनी आधीच विचारावं. मधुमेहामुळे तळव्यांना बधिरपणा असेल तर मात्र या वाटेला जाऊच नका, काच रुतली तरी कळणार नाही.

जागेचं म्हणाल तर ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू चांगली. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटरी लवकर थकते. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली राहतो. जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या. खडकांकडे कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात आणि जाळ्यांचे तुकडे, गळही पडलेले असतात, तिथे पातळ का होईना, बूट हवाच. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते. त्या दिवसांत घरीच पायरीवरचा व्यायाम करा.