समुद्रावर कलंडलेला अग्निबाण

इ. स. २०१६ च्या जानेवारी महिन्याची १७ वी तारीख. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियांतील व्हँडेनबर्ग येथील प्रक्षेपणतळावर त्या दिवशीं इतकें दाट धुकें उतरलें होतें कीं, ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप चालला होता तो अग्निबाणच जमलेल्या प्रेक्षकांना दिसत नव्हता. सकाळीं १० वाजून ४२ मिनिटांनीं गर्जना मात्र ऐकूं आली, आणि स्पेसएक्स कंपनीचा 'फाल्कन ९' अग्निबाण धुक्याचें पांघरूण फाडून आकाशांत निघून गेला. त्याच्या शिरावर 'जेसन-३' नांवाचा सुमारें साडेपांचशें किलोग्रॅम वजनाचा उपग्रह होता. १,३३६ किलोमीटर उंचीवरून जगांतील समुद्रांच्या पृष्ठभागाची उंची मोजावयाची, आणि तीहि थोडक्या सेंटिमीटरांच्या अचूकपणानें, हें या उपग्रहाचें काम. तासाभरांत तो आपल्या मार्गावर सुखरूप पोंचला. ज्या कार्यासाठीं अग्निबाण उडविला तें कार्य सिद्धीस गेलें.

परंतु अवकाशविद्येची हौस असलेले देशोदेशींचे जे हजारों लोक त्या वेळीं दूरचित्रवाणीसारख्या चित्रपटलासमोर श्वास रोखून बसले होते, त्यांचें चित्त उपग्रहाकडे नव्हतें. तें गुंतलें होतें अग्निबाणाच्या खालच्या, रिकाम्या झालेल्या टप्प्यांत. वस्तुतः या टप्प्याचें काम अडीच मिनिटांच्या आसपास संपतें. पूर्वींच्या प्रथेप्रमाणें त्यानें समुद्रांत पडून तळाशीं जावें, एवढेंच त्याच्या नशिबीं असावयाचें. या कंपनीच्या मनांत मात्र तो उभ्याचा उभा परत उतरवून पुन्हा वापरावयाचा होता.

ही कल्पना मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना परकी वाटावयास नको. बोरघाट चढण्यासाठीं गाडीला कर्जतला जादा इंजिनें जोडतात. घाट संपला कीं तीं सुटतात आणि पुढच्या गाडीसाठीं पुन्हा खालीं येतात. घाट चढून होतांच हीं इंजिनें दर वेळीं खंडाळ्याच्या दरींत लोटून दिलीं असतीं, तर पुण्याचें तिकीट किती जणांना परवडलें असतें? अग्निबाणांच्या बाबतींत नेमकें हेंच चाललें होतें. एका उड्डाणाला लागणारें इंधन सुमारें दोन लाख डॉलरांचें, तर तें जाळणारा अग्निबाण कोट्यवधि डॉलरांचा. आकाशाचें भाडें इंधनामुळें महाग नव्हतें, इंजिन दरींत लोटण्यामुळें महाग होतें.

आतां हा टप्पा उतरवावयाचा तर जमिनीवर कां नाहीं, समुद्रावर कां, असा प्रश्न साहजिक उभा राहतो. अग्निबाण जसा वर जातो तसा आडवाहि धांवत असतो. टप्पा सुटतो तेव्हां त्याचा वेग सेकंदाला सुमारें एक मैल असतो. तो वेग मोडून मागें फिरावयाचें तर इंधन अधिक लागतें, आणि ओझें जड असेल तर तेवढें इंधन शिल्लक उरत नाहीं. म्हणून तो जेथें सहज येऊन पोंचेल तेथेंच त्याला झेलावें, हा मार्ग काढण्यांत आला. 'जेसन-३' हलका होता, परंतु त्या वेळीं पश्चिम किनाऱ्यावर जमिनीवर उतरण्याची परवानगी हातीं आलेली नव्हती. सबब पॅसिफिक महासागरावर सुमारें ३०० फूट लांब व १७० फूट रुंद असा एक निर्मनुष्य तराफा पाठविण्यांत आला. यांत्रिक पंख्यांच्या बळावर तो आपली जागा धरून राहतो. इयन बँक्स या कादंबरीकाराच्या कथांतील जहाजावरून त्याचें नांव ठेवलें होतें. 'फक्त सूचना वाचा' असा त्या नांवाचा अर्थ.

तराफा कागदावर मोठा दिसतो, पण उतरणारा टप्पा चौदा मजली इमारतीएवढा उंच आणि त्याच्या चार पायांचा पसारा साठ-सत्तर फुटांचा. शिवाय यांत एक पेंच आहे. टप्पा रिकामा झाल्यावर इतका हलका होतो कीं, त्याच्या नऊ इंजिनांपैकीं एकच आणि तेंहि मंद चालविलें तरी त्याचा जोर टप्प्याच्या वजनाहून अधिकच भरतो. त्यामुळें पक्ष्याप्रमाणें क्षणभर हवेंत तरंगून, जागा पाहून, मग अलगद टेंकणें त्याला शक्य नाहीं. वेग शून्य होण्याची आणि उंची शून्य होण्याची घटका एकच साधावी लागते. इंजिन किंचित् उशिरां पेटलें तर टप्पा आपटावयाचा. किंचित् लवकर पेटलें तर वरच थबकून पुन्हा वर चढूं लागावयाचा.

यापूर्वींचे प्रयत्न हौशी मंडळींच्या चांगले स्मरणांत होते. १० जानेवारी २०१५ रोजीं अटलांटिकमध्यें पहिला प्रयत्न झाला. दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांना लागणारा द्रव ऐन वेळीं संपला आणि टप्पा तिरपा होऊन तराफ्यावर आदळला. १४ एप्रिल २०१५ रोजीं इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी एक झडप मंदपणें हलली. टप्पा तराफ्यावर पोंचला, पण डोलला आणि कोसळला. २१ डिसेंबर २०१५ रोजीं मात्र फ्लोरिडांत, घट्ट जमिनीवर, असाच एक टप्पा उभा उतरला. समुद्राचें कोडें तेवढें सुटावयाचें उरलें होतें.

अशा अपेक्षेच्या वेळीं, १७ जानेवारीला, उड्डाणानंतर सुमारें नऊ मिनिटांनीं तराफ्यावरून येणारें चित्र थिजलें. टप्पा जवळ आला एवढें समजलें. पुढें काय झालें तें कोणासच कळेना. थोड्या वेळानें बातमी आली कीं, टप्पा पोंचला खरा, पण उभा नाहीं.

मग चर्चेला तोंड फुटलें. त्या दिवशीं समुद्रावर १२ ते १५ फुटांच्या लाटा उसळत होत्या. साहजिकच बहुतेकांचा पहिला संशय लाटांवर गेला. डोलणाऱ्या तराफ्यावर चौदा मजली नळकांडें उभें करावयाचें म्हणजे होडींत उभें राहून हातावर काठी तोलण्यासारखें. तें पडणारच, असें एका पक्षानें निकालांत काढलें. जमिनीवर जवळजवळ चार आठवड्यांपूर्वीं यश आलेंच आहे, तेव्हां हा समुद्राचा हट्ट कंपनीनें सोडावा, असा उपदेशहि झाला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, टप्पा भरधाव येऊन आपटला असावा, पाय त्यामुळेंच मोडले असावेत. तिसरा पक्ष संख्येनें लहान, पण त्याची भूमिका लक्षांत ठेवण्याजोगी होती. हातीं पुरावा येईपर्यंत कारण सांगूं नये, इतकेंच तो म्हणत होता. हौशी मनुष्याला ही शिस्त सर्वांत जड जाते. ज्या गोष्टीवर प्रेम असतें तिच्या अपयशाचें कारण त्याला तत्काळ हवें असतें, आणि तें न मिळालें तर तो स्वतः घडवितो.

पुरावा लवकरच आला, आणि पहिले दोन्ही पक्ष निरुत्तर झाले. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनीं सांगितलें कीं, जहाजावर उतरणें जमिनीपेक्षां कठीण खरें, पण या वेळचा घात समुद्रानें केलेला नाहीं. टेंकण्याचा वेगहि योग्यच होता. मग चित्रफीत प्रसिद्ध झाली. धुक्यांतून टप्पा सरळ उतरतो, तराफ्याच्या मध्यबिंदूपासून अवघ्या १.३ मीटर अंतरावर टेंकतो, क्षणभर दिमाखानें उभा राहतो. नंतर त्याचा एक पाय हळूहळू दुमडतो, टप्पा कलंडतो आणि ज्वाळांचा लोळ उठतो.

झालें होतें तें असें. टप्प्याचे पाय चढतांना अंगाशीं मिटलेले असतात. उतरतांना ते वायूच्या दाबानें उघडतात आणि पुरते ताणले गेले कीं त्यांना आंत एक खटका बसतो. छत्री उघडल्यावर खटका बसला नाहीं तर ती उघडलेली दिसते, पण वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर मिटते. चार पायांपैकीं एकाचें नेमकें तसेंच झालें. खटका कां बसला नाहीं? मस्क यांनीं संभाव्य कारण दिलें तें प्रक्षेपणाच्या वेळच्या दाट धुक्याचें. अग्निबाणाच्या पोटांत सुमारें उणे १८३ अंश तपमानाचा द्रवरूप प्राणवायु असतो. धुक्यांतील बाष्प थंड भागांवर जमून त्याचें बर्फ झालें असावें आणि त्या बर्फानें खटका अडविला असावा. जें धुकें सकाळीं केवळ देखाव्याचा भाग वाटलें होतें, ज्याच्याविषयीं प्रेक्षकांनीं फार तर दर्शन चुकल्याची हळहळ केली होती, तेंच बहुधा या अपघाताचें मूळ होतें. सर्वजण शेवटच्या क्षणाकडे डोळे लावून बसले होते. चूक पहिल्याच क्षणीं जन्मास आली होती.

याला अपयश म्हणावें कीं यश, हा वाद त्यानंतरहि चालूं राहिला. उपहास करणारे म्हणाले, तराफ्यावर शेवटीं राखच उरली ना? मस्क यांनीं मात्र, निदान या खेपेला तुकडे मोठे राहिले, असे विनोदी उद्गार काढले. परंतु त्या विनोदांत एक गंभीर तथ्य होतें. समुद्राच्या तळाशीं गेलेला अग्निबाण कोणत्याहि प्रश्नाचें उत्तर देत नाहीं. तराफ्यावर पडलेला अग्निबाण मोडका असला तरी साक्षीदार असतो. त्याचे अवशेष लॉस एंजेलिसच्या बंदरांत आणले गेले, तेव्हां परत आलेली वस्तु ज्ञान होती, भंगार नव्हे. पहिल्या अपघातानें द्रवाचा सांठा वाढविण्यास शिकविलें, दुसऱ्यानें झडपेकडे बोट दाखविलें, तिसऱ्यानें खटक्याकडे. प्रत्येक वेळीं चूक नवी होती. जुनी चूक पुन्हा होणें आणि नवी चूक प्रथम होणें, या दोहोंना अपयश हा एकच शब्द लावणें न्यायाचें नाहीं.

याचा पडताळा दूर नव्हता. ४ मार्च २०१६ रोजीं आणखी एक टप्पा तराफ्यावर जोरानें आदळून नष्ट झाला. परंतु ८ एप्रिल २०१६ रोजीं अटलांटिकच्या वाऱ्यांत तसाच एक टप्पा तराफ्यावर उतरला आणि उभा राहिला. तोच टप्पा ३० मार्च २०१७ रोजीं दुसरा उपग्रह घेऊन पुन्हा उडाला आणि पुन्हा समुद्रावर उतरला. घाटावरचें इंजिन कर्जतला परत आलें होतें.

पुढें उतरणें इतकें नित्याचें झालें कीं, पडणें हीच बातमी होऊन बसली. २८ ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्या २३ व्या फेरीवरून आलेला एक टप्पा तराफ्यावर टेंकल्यावर कलंडला. त्याच टप्प्यानें दोन वेळां माणसांनाहि आकाशांत पोंचविलें होतें. त्या पडण्यानें सलग २६७ यशस्वी अवतरणांची मालिका खंडित झाली आणि सरकारी विमानोड्डाण खात्यानें चौकशीचा आग्रह धरून उड्डाणें थांबविलीं. तीं ३१ ऑगस्टला पुन्हा सुरू झालीं. २०१६ सालीं लोकांनीं विचारलें होतें, हा उभा राहील तरी कसा? २०२४ सालीं त्यांनीं विचारलें, हा पडला तरी कसा? आठ वर्षांत झालेली प्रगति या दोन प्रश्नांच्या अंतरानें मोजावी.

या कथेचा शेवट मात्र पुन्हा व्हँडेनबर्गलाच आहे. 'जेसन-३' नें समुद्राच्या वाढत्या उंचीची नोंद वर्षानुवर्षें निष्ठेनें केली. समुद्राची उंची मोजण्याच्या या कामांत भारताचाहि वांटा आहे. २०१३ च्या फेब्रुवारींत भारतानें फ्रान्सच्या साह्यानें 'सरल' हा उपग्रह याच हेतूनें सोडला होता. 'जेसन-३' चें मुख्य काम पुढें चालविण्यासाठीं २१ नोव्हेंबर २०२० रोजीं 'सेंटिनेल-६' हा नवा उपग्रह निघाला. तळ तोच, अग्निबाण त्याच जातीचा. त्याचा पहिला टप्पा उपग्रहाला निरोप देऊन मागें फिरला आणि व्हँडेनबर्गच्याच जमिनीवर, जेथें उतरण्याची मुभा पूर्वीं नव्हती तेथें, चारहि पाय टेंकून उभा राहिला. चारहि खटके बसले होते.