सकाळची एक बाजू

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगण्यात आलं, ‘काकू, दहा मिनिटं बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा.’ पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग या तीन विषयांवर पंचवीस वर्षांत इतकं बोलून झालंय, की दुधाचा पेला हातात असताना ते नको. मी सकाळच्या गाण्यांवर बोलणार आहे. म्हणजे उठल्यावर आपण घरात जी कॅसेट, रेकॉर्ड, सीडी किंवा हल्ली फोनवर जो अल्बम लावतो, त्यावर. मी गाण्यातली जाणकार नाही. पोळ्या लाटता लाटता ऐकणारी आहे.

आपल्यातल्या साठीपुढच्या मंडळींची सकाळ रेडिओने व्हायची. आकाशवाणीची ती सुरुवातीची धून आठवतेय ना? हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी ती बांधली. आणि आम्हाला ती आपल्या घरातलीच वाटायची! १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं. माडगूळकर लिहीत होते, बाबूजी चाली देत होते आणि लोक पुढच्या आठवड्याची वाट बघत होते.

पण रेडिओवर काय लागेल ते रेडिओवाल्यांच्या हातात. आपल्या सकाळी काय वाजावं हे आपण ठरवायला लागलो ते रेकॉर्ड आणि कॅसेट घरात आल्यावर. जुन्या ७८च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. राग सुरू होतो न होतो तोच सुई उचला. एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सलग मिळायला लागली. मग कॅसेट. साठ मिनिटांची, म्हणजे तीस अधिक तीस. बायकांना विचारा तीस मिनिटं म्हणजे काय! आमच्याकडे पहिली बाजू संपेपर्यंत कुकर उतरलाच पाहिजे आणि दुसरी अर्ध्यावर येईपर्यंत डबे भरून झाले पाहिजेत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं लागत नसे. कितवा अभंग चाललाय त्यावरून उशीर झालाय की नाही ते कळायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सकाळी एक अख्खा अल्बम, त्याच्या क्रमाने ऐकावा. इथलं एक गाणं, तिथलं एक, असं नको. कारण तो क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. १९६७ ची एलपी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिले तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. ती काढली एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी, म्हणजे आपल्या भावगीतवाल्या जोशींनीच. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस त्यात आहे. पहाटेचा अहिर भैरव, मग नट भैरव, पुढे पिलू, संध्याकाळचा भूप, मग देस आणि शेवटी पहाडी. आता हीच रेकॉर्ड फोनवर उलटसुलट लावली तर मेंढपाळ आधी झोपायचा आणि मग मेंढ्या घेऊन निघायचा! मी मात्र रोज सकाळी ती नट भैरवापर्यंतच ऐकते. बाकीचा दिवस आपला आपण काढायचा असतो.

भूपावरून आठवलं. अनेक जण विचारतात, भूप जर संध्याकाळचा, तर भूपाळी सकाळी कशी? नाव सारखं असलं तरी भूपाळी म्हणजे देवाला उठवण्याचं पद. सूर मात्र बघण्यासारखे आहेत. सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांचे दोन राग आहेत, भूप आणि देशकार. गंधारावर भर दिला की संध्याकाळचा भूप, धैवतावर भर दिला की सकाळचा देशकार. सामान तेच, फक्त कुठे जास्त वेळ बसायचं तेवढा फरक. आपल्या सगळ्यांचे फ्लॅट एकाच नकाशाचे असून प्रत्येक घर वेगळं वाटतं ना, तसंच.

आपल्या ए विंगमधल्या तमिळ कुटुंबाकडे सकाळी एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं वेंकटेश सुप्रभातम लागतं. ती रेकॉर्ड १९६३ ची. त्यातलं संस्कृत मला निम्मंच कळतं. पण जिन्यावरून दूध आणायला जाताना कुठला भाग चाललाय ते मी ओळखते. सुप्रभात, मग स्तोत्र, मग प्रपत्ती, मग मंगल, हा क्रम कधी बदलत नाही. तेही देवाला उठवणंच आहे, त्यांची भूपाळीच म्हणा. मंगल सुरू झालं की त्यांचा मुलगा बूट घालतो. मी बघितलंय.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ही सांगायची की नाही असं दोनदा मनात आलं, पण घरी विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, सांग.

माझ्या सासूबाई, ज्यांना तुम्ही सगळे आजी म्हणता, त्या आता ८७ वर्षांच्या आहेत. गेली चार वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश आहे. पहिल्यांदा नावं गेली, मग जागा गेल्या, आणि मग वेळ गेली. ही वेळ जाणं सगळ्यात कठीण. रात्री तीनला उठून दूध तापवायला निघायच्या. दुपारी चारला म्हणायच्या, ‘अजून उजाडलं कसं नाही?’ घड्याळ दाखवलं तर चिडायच्या. काटे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. भीमसेनजींच्या अभंगांची कॅसेट. गावचं घर सोडून त्या आमच्याकडे आल्या तेव्हापासून ती आमच्याकडे सकाळी लागते. सव्वासहाला पहिला अभंग सुरू झाला की त्या आपणहून उठून बसतात. दुसऱ्याला तोंड धुवायला चला म्हटलं तर येतात. तिसऱ्याला चहा. आधी दिला तर घेत नाहीत, ‘अजून व्हायचंय’ म्हणतात. काय व्हायचंय ते त्यांना सांगता येत नाही, पण त्या कॅसेटला माहीत आहे. बाजू संपून खटका उडाला की त्या हात उंचावून मला सांगतात, ‘उलट गं.’ दिवसभरात त्या मला ओळखून जे बोलतात, त्यातलं हे पहिलं वाक्य. काही दिवशी एवढंच.

हे औषध आहे असं मी म्हणत नाही. रात्रीचं उठणं थांबलेलं नाही. पण सव्वासहा ते सव्वासात हा एक तास त्यांना आपण कुठे आहोत ते कळतं.

मधे एका भाचीने हौसेने तेच अभंग फोनवर लावून दिले. तेच गाणारे, तेच शब्द. पण क्रम वेगळा, आणि दोन अभंगांच्या मध्ये बनियनची जाहिरात! आई उठून दाराकडे गेल्या, कोण आलंय बघायला. तो दिवस सगळा बिघडला. तेव्हापासून फोन बंद, टेप सुरू.

याच टेपवरून आमच्याविरुद्ध तक्रार आली होती, हे कमिटीला आठवत असेल. आमच्या पलीकडच्या फ्लॅटमधला मुलगा परदेशी कंपनीचं काम करतो, पहाटे चारला झोपतो. त्याने अगदी सभ्य पत्र दिलं होतं. कायद्याने आमची बाजू भक्कम होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि आम्ही लावतो सव्वासहाला. घरातले म्हणाले, नियम दाखव. पण दोन तास झोप झालेल्या पोराला नियम दाखवून काय होणार? त्याला सकाळ हवीच होती, फक्त अकरा वाजता.

मी त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि आईंच्या शेजारी बसवून एक बाजू ऐकवली. नंतर आम्ही दोघं त्याच्या बेडरूममध्ये जाऊन उभे राहिलो. गाणं खिडकीतून येत नव्हतं, भिंतीतून येत होतं. आमचा टेप ज्या फळीवर होता ती दोघांच्या सामाईक भिंतीत ठोकलेली. फळीच भिंत वाजवत होती! टेप तिथून काढला, स्वयंपाकघराच्या बाजूला स्टुलावर, खाली घोंगडीची घडी घालून ठेवला आणि आईंची खुर्ची त्याच्याजवळ नेली. आवाज निम्म्यावर आला तरी त्यांना पुरला. पलीकडे काही ऐकू जाईना. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून टीव्ही किंवा स्पीकर असेल, तर आज घरी गेल्यावर एकदा बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील, सेक्रेटरींचा कागद वाचेल.

मागच्या वर्षी कॅसेट थकली. फीत ताणली गेली, दुसऱ्या बाजूला आवाज लडबडायला लागला. माझ्या पोटात गोळा आला. बाजारात त्या गाण्यांची सीडी मिळते, पण क्रम तो नाही. तेव्हा हाच मुलगा रविवारी दुपारी वायरी घेऊन आला आणि कॅसेट जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून दिली. मी म्हटलं, मधली रिकामी जागा काढून टाक, उगाच खरखर आहे. तो म्हणाला, ‘काकू, ती ठेवू या. आजी खटक्याची वाट बघतात.’ त्याने खरखर ठेवली, खटकाही ठेवला. लडबडलेला भाग मात्र त्याला पूर्ण सुधारता आला नाही.

आता टेप नाही, छोटा स्पीकर आहे. खटका वाजतो, आई ‘उलट गं’ म्हणतात, मी उठून स्पीकर उचलते, पालथा करते आणि पुन्हा ठेवते. तोवर दुसरी बाजू सुरू होते.

तर माझी सर्वांना एक विनंती आहे. पोटमाळ्यावर, दिवाणात, जुन्या सूटकेसमध्ये ज्यांच्या कॅसेट पडून असतील त्यांनी त्या दिवाळीच्या साफसफाईत फेकू नयेत. क्लबरूममध्ये एक कपाट रिकामं आहे, कमिटीने ते द्यायचं कबूल केलंय. तो मुलगा महिन्यातल्या एका रविवारी उतरवून द्यायला तयार आहे. कव्हरवर गाण्यांचा क्रम छापलेला असेल तर कव्हरही आणा. आणि भीमसेनजींच्या अभंगांची, दुसरी बाजू धड असलेली कॅसेट कुणाकडे निघाली, तर आधी सी विंग, दुसरा मजला. सकाळी सव्वासातनंतर या, चहा तयार असेल.