फेरतपासणीचा हक्क

(झरी जामणी येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार पुरे करून एखादी बहीण नागपूरहून किंवा सेवाग्रामहून गावी परतते, तेव्हा घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. आपण कार्यकर्तेही तिचे काम झाले असे समजतो. त्यानंतरच्या वर्षांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

हा रोग त्याच जागी किंवा काखेत पुन्हा उद्भवू शकतो. दुसऱ्या स्तनात नव्यानेही होऊ शकतो. तो लवकर ध्यानात आला, तर पुन्हा बरे होण्याची आशा असते. म्हणून पहिली ३ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढील २ वर्षे दर ६ ते १२ महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांनी हाताने तपासावे, तसेच वर्षातून एकदा स्तनाची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, व्हावी, असा रूढ वैद्यकीय दंडक आहे. एक स्तन काढला असेल, तर दुसऱ्याची मॅमोग्राफी करावयाची असते.

ही मागणी अवाजवी नाही. इटलीतील दोन मोठ्या अभ्यासांनी १९९४ सालीच दाखविले की, काही त्रास नसताना वारंवार केलेल्या हाडांच्या व छातीच्या महागड्या तपासण्यांनी रुग्णाचे आयुष्य वाढत नाही. गरज आहे ती अनुभवी हातांची आणि एका यंत्राची.

परंतु झरी जामणीच्या कोलाम किंवा गोंड मजूर स्त्रीला एवढेही का मिळू नये? तपासणीची तारीख कापूस वेचणीच्या दिवसांत आली की तिच्यापुढे मजुरी आणि आरोग्य यांतील निवड उभी राहते. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे भाडे पडते, हे चांगलेच झाले. पण बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला दिवस कोण भरून देणार? मग एक तारीख चुकते, दुसरी चुकते, आणि कागद पत्र्याच्या पेटीत पडून राहतात. त्या बाईला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तिचे गणित मात्र चुकलेले नसते.

मुंबईत १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीत रोग अलीकडच्या अवस्थेत सापडतो, हे त्यातून दिसले. तो अभ्यास नव्या रुग्णांचा होता, तरी शिकविलेल्या हातांचे मोल त्याने सिद्ध केले.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. मधल्या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित डॉक्टरांकडून व्हाव्यात व शंका येताच रुग्णाला पुढे पाठवावे. वार्षिक मॅमोग्राफीसाठी तालुक्यातील स्त्रियांना एकाच ठरलेल्या दिवशी वाहनाने नेण्याची सोय व्हावी. आणि त्या दिवसाची मजुरी शासनाने द्यावी.

डॉ. लोहियांनी चुलीचा धूर आणि स्त्रियांची शौचालये हे राजकारणाचे विषय मानले होते. ही फेरतपासणी त्याच परंपरेतील विषय आहे.

शासन जागे होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. संबंधित ताईंच्या संमतीने पुढील तारीख तीत लिहावी, वहीची गुप्तता पाळावी आणि तारखेच्या आठवडाभर आधी एखाद्या भगिनी-कार्यकर्तीने त्यांच्या घरी जावे. गाठ, व्रणापाशी बदल किंवा हाडांत सतत दुखणे जाणवल्यास तारखेची वाट पाहू नका, हेही सांगावे. मोर्चाइतकेच हे काम पक्षाचे आहे.