मूळ वायर न कापता

मोटारीत नवा स्टिरिओ बसवून घेतला की मालक समोरून बघतो. कडेला फट नाही, सेट तिरका नाही, आवाज येतो, म्हणजे काम नीट झाले असे धरून चालतो. देऊळगाव राजासारख्या गावात एकेक मोटार वर्षानुवर्षे चालते, एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलीही जाते. तिथे मला खरी कसोटी वेगळीच वाटते. उद्या हा सेट काढून मूळचा सेट पुन्हा बसवता येईल का? येत असेल, तरच काम नीट झाले.

तशी सोय धंद्यानेच करून ठेवली आहे. जर्मनीत ठरलेले डिन माप पुढे आयएसओ ७७३६ म्हणून सर्वत्र रूढ झाले. त्यात सेटची रुंदी १८० मिलिमीटर असते; सिंगल डिनची उंची ५० आणि डबल डिनची १००. आजच्या अनेक गाड्यांत कंपनीचा सेट डॅशबोर्डच्या वळणानुसार घडवलेला असतो, म्हणून त्या मॉडेलची फ्रेम घ्यावी लागते. डॅशबोर्ड कानशीने घासण्याची गरज उरत नाही. वायरींसाठी कपलर मिळतो. त्याचे एक टोक गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसते, दुसरे नव्या सेटला जोडायचे.

कपलर टाळून वायरी कापल्या की अंदाजाचा खेळ सुरू होतो. बाजारातल्या सेटमध्ये सहसा पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची आणि काळी अर्थची असते. गाडीतल्या वायरींचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात. रंगाला रंग जुळवणे म्हणूनच धोक्याचे. लाल वायरही थेट बॅटरीवर गेली, तर गाडी उभी असताना बॅटरी उतरू शकते. स्पीकरची वजा वायर बॉडीला लावली, तर सेटमधला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. शिवाय गाडीतली पिवळ्या आवरणाची वायरिंग बहुधा एअरबॅगची असते. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे, तेव्हा डॅशबोर्डमागे चाचपडत हात घालणे परवडणारे नाही. बॅटरीचे वजा टोक आधी सोडायचे, ते यासाठीच.

कोणी म्हणेल, पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड आम्ही कितीतरी वर्षे पाहतो, काही बिघडत नाही. थोडे दिवस बिघडत नाहीही. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडी तापते, टेपचा गोंद सुटतो, रस्त्याच्या हादऱ्यांनी उघडी तार बॉडीला टेकते. मग फ्यूज उडतो, आणि त्या जागी कोणी जाड फ्यूज घातला तर वायरच तापते. कारण फ्यूज असतो तो वायरीला वाचवण्यासाठी. दुसरा आक्षेप खर्चाचा. कपलर आणि फ्रेमचे पैसे जास्त पडतात, हे खरे. पण कापलेली वायरिंग पूर्ववत करायला त्याहून अधिक मजुरी आणि वेळ जातो, आणि तो भुर्दंड पुष्कळदा पुढच्या मालकावर पडतो. ज्या जुन्या गाडीच्या वायरी आधीच कापल्या आहेत, तिचे काय? तिथे प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासावी, जोड क्रिंप किंवा सोल्डर करून त्यावर हीटश्रिंक नळी चढवावी, आणि शेवटी एक सॉकेट बसवावे. म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा कापाकापी नको.

म्हणून सेटची किंमत विचारताना मिस्त्रीला एवढेही विचारा, की माझ्या गाडीचा कपलर आणि फ्रेम आहे का. नसेल तर मागवून घ्या, दोन दिवस थांबा. आणि काढलेला मूळ सेट त्याच्या स्क्रूंसह घरी जपून ठेवा.