सिमेंट एका दाताला टिकतं, दुसऱ्यातून निघतं, असं का?

आपल्या उरणच्याच एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "दादा, एकाच डॉक्टरकडे दोन दातांत सिमेंट भरलं. एक चार वर्षं झाली तरी टिकलंय, दुसरं आठ महिन्यांत निघालं. माल डुप्लिकेट होता का?"

मी डेंटिस्ट नाही, कोड लिहितो. पण प्रश्न भारी आहे, म्हणून वाचत बसलो. बऱ्याचदा गडबड मालात नसते, तो कशावर चिकटवलाय त्यात असते.

करंज्याला होडी रंगवताना बघितलंय ना? आधी खरवडायचं, वाळवायचं, मग रंग. ओल्या, भुसभुशीत लाकडावर रंग धरतच नाही.

दातावर सगळ्यात बाहेर इनॅमल. वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, म्हणजे जवळपास दगडच. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी त्यावर ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावून बघितलं. कल्पना कुठून आली? कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून हेच ॲसिड वापरायचे! ॲसिडने इनॅमलवर बारीक खड्डे पडतात, त्यात रेझिन शिरतं, कडक होतं आणि अडकून बसतं. आज डॉक्टर जी जेल लावतात ती याचीच सौम्य आवृत्ती, साधारण ३७ टक्क्यांची.

इनॅमलच्या आत डेंटिन, आणि खरी डोकेदुखी इथे आहे. यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजेनचे धागे आणि पाणी. शिवाय हजारो सूक्ष्म नळ्या, त्यात द्रव. म्हणजे जिवंत दात होडीसारखा उन्हात वाळवता येत नाही. इथे रेझिनला कोलॅजेनच्या जाळ्यात मुरावं लागतं. या मिश्र थराला हायब्रिड लेयर म्हणतात. १९८२ मध्ये जपानच्या नाकाबायाशींनी तो दाखवून दिला.

आता कीड. किडलेल्या भागातलं खनिज निघून जातं, पाणी वाढतं. ॲसिड जास्त खोल जातं, पण रेझिन तळापर्यंत पोचत नाही. गंमत म्हणजे हायब्रिड लेयर इथे जाड दिसतो, तरी कमजोर असतो. काही बाँडिंग कॅल्शियमला रासायनिक पकड घेतात, पण इथे कॅल्शियमच कमी!

लॅबमध्ये हे मोजतात कसं? काढलेल्या दातावर फिलिंग चिकटवायचं, जेमतेम एक चौरस मिलिमीटरच्या काड्या कापायच्या आणि तुटेपर्यंत ओढायच्या. २० मेगापास्कल म्हणजे अशी एक काडी साधारण दोन किलो वजन पेलते. निरोगी डेंटिन सगळ्यात पुढे, किडीचा परिणाम झालेलं त्याच्या मागे, आणि पार मऊ, सडलेलं तळाला. हा क्रम पुन्हा पुन्हा दिसलाय.

त्या श्रोत्याला मी विचारलं, निघालेलं फिलिंग कुठलं? म्हणे दाढेच्या बाजूचं, हिरडीला लागून. तिथे इनॅमल अगदी पातळ, कधी नसतंच. वर लाळेची ओल. मालावर संशय घ्यायच्या आधी हे बघायला हवं.

मग कुणी म्हणेल, सगळी कीड खरवडून काढा की! इथेच जपायचं. कीड खोल असेल तर तळ साफ करता करता नस उघडी पडू शकते, मग रूट कॅनल. म्हणून आता खोल किडीत डॉक्टर कडा निरोगी भागापर्यंत स्वच्छ करतात आणि नसेजवळचा थोडा मऊ थर मुद्दाम ठेवतात. पकड कडेला मिळते. कडा घट्ट बंद झाल्या की आतल्या जंतूंना बाहेरून साखर मिळत नाही, कीड थंडावते. "डॉक्टरने कीड आतच ठेवली" म्हणून भांडायला जाऊ नका, आधी विचारा, नस वाचवायला ठेवलीय का?

आणि फिलिंग करायच्या आधी आणखी एक विचारा: "कडेला इनॅमल उरलंय का?" नसेल तर ग्लास आयनोमर चालेल का, तेही विचारा. ते दाताला स्वतःच रासायनिक चिकटतं आणि थोडी ओल सहन करतं, पण चावायच्या जोरापुढे कॉम्पोझिटइतकं दणकट नसतं. खड्डा लहान असताना गेलात तर चारही बाजूंना इनॅमल शाबूत असण्याची शक्यता जास्त, आणि मग हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही.