वर्षअखेरीचं जेवण कुणाच्या घरी?



चीन म्हटलं की आपल्यासमोर उभी राहते ती बाजारातली लाल गाडी, मोठ्या कढईत उडणाऱ्या शेवया आणि मंचुरियन. तर आधीच सांगून टाकतो, ते मंचुरियन आपल्याच देशात जन्मलं. चीनमधल्या एखाद्या खेड्यातल्या आजीपुढे ठेवलंत तर ती आपल्या तोंडाकडे बघत राहील. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या आजीच्या घरातल्या सणाबद्दल. त्यात खायचं काय असतं हे तर सांगूच, पण ते कुणी रांधायचं आणि लग्न झालेल्या लेकीनं कुठे बसून खायचं, हेही सांगू.

त्यांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे नवं वर्ष. त्याला ते वसंताचा सण म्हणतात. तो आपल्या सणांसारखाच चंद्रावर चालतो. अमावास्येला धरून येतो आणि पुढच्या पौर्णिमेला संपतो. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरसाल बदलते. २०२५ साली तो २९ जानेवारीला होता, २०२६ साली १७ फेब्रुवारीला. आपल्या मुंबईत माझगावला १९१९ सालचं एक चिनी देऊळ आहे. तिथंही मुंबईतली चिनी कुटुंबं या सणाला उदबत्त्या लावायला जमतात.

सणाची सुरुवात होते चुलीपासून. सण आठवड्यावर आला की चुलीच्या देवाला निरोप देतात. हा देव वर्षभर चुलीशेजारच्या भिंतीवर, कागदी चित्रात बसलेला असतो. घरात कोण काय बोललं, कोण कुणाशी भांडलं, सगळं बघतो, आणि वर्षाच्या शेवटी वर जाऊन स्वर्गाच्या राजाला अहवाल देतो. म्हणून जाण्याआधी त्याच्या ओठांना धान्याच्या चिकट साखरेची मिठाई लावायची. तोंड गोड झालं तर गोड बोलेल, नाही तर निदान दात चिकटून बसतील! मग चित्र जाळायचं आणि नव्या वर्षाला नवं चिकटवायचं.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट ऐकून आम्ही थबकलो. जुना नियम असा, की चुलीच्या देवाची पूजा बाईनं करायची नाही. ती पुरुषानं करायची. बाईला पूजा होती चंद्राची, शरदातल्या पौर्णिमेला. वर्षभर धूर डोळ्यांत घ्यायचा कुणी आणि देवापुढे उभं राहायचं कुणी! आता हा नियम फारसा कुणी पाळत नाही, तो भाग वेगळा.

त्यानंतर घर झाडून-पुसून काढायचं, दाराला लाल कागदावर लिहिलेली शुभवचनं लावायची. हे आपल्याला काही नवं नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, पहिल्या दिवशी केरसुणीला हात लावायचा नाही, घरात आलेली लक्ष्मी केराबरोबर बाहेर जाईल म्हणून. पुष्कळ घरांत सुरीही चालवायची नाही. बाईला एक दिवस विश्रांती, असं कौतुकानं सांगतात. पण ती विश्रांती आदल्या दिवशी दुप्पट चिरून, दुप्पट शिजवून मिळवलेली असते.

आणि तो आदला दिवसच खरा महत्त्वाचा. वर्षाच्या शेवटच्या रात्री सगळं घर एकत्र जेवतं. शहरात कारखान्यात कामाला गेलेली मुलं या एका जेवणासाठी दोन-दोन दिवस प्रवास करून येतात. सणाच्या आगेमागे चाळीस दिवस सरकार जादा गाड्या सोडतं, तरी तिकीट मिळत नाही.

उत्तरेकडे, जिथं गहू पिकतो तिथं, या रात्री ज्याओत्झ करतात. आपल्या करंजीची धाकटी बहीण समजा, पण तिखटमिठाची आणि तळलेली नव्हे, उकडलेली. कणीक नुसत्या पाण्यात मळून झाकून ठेवायची. कोबी बारीक चिरून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यायचा, नाही तर सारण पाणी सोडतं. त्यात डुकराचा खिमा, आलं, कांद्याची पात, तिळाचं तेल, सोया सॉस. मांस नको असेल तर अंडं आणि लसणासारख्या वासाची एक पात घालतात. पारी लाटायची ती मधे जाड आणि कडेला पातळ, म्हणजे सारणाच्या वजनानं फाटत नाही आणि मुडपली की जाड गाठही होत नाही. उकळत्या पाण्यात सोडायच्या, उकळी आली की वाटीभर गार पाणी घालायचं, पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी, असं तीनदा. वर तरंगल्या की झाल्या. व्हिनेगरमध्ये बुडवून खायच्या.

त्यांचा आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा असतो, म्हणून त्या घरात पैसा आणतात अशी समजूत. एखादीत नाणं लपवायचं. ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष भाग्याचं. दात पडायला नको म्हणून हल्ली शेंगदाणा किंवा लाल बोर घालतात. सगळं घर टेबलाभोवती बसून त्या भरतं. तेवढ्या वेळात वर्षभराचं बोलून होतं, रुसवेही निघतात.

दक्षिणेत भाताचा मुलूख. तिथं चिकट तांदळाच्या पिठाची साखर घालून वाफवलेली वडी करतात, न्येन-गाओ. हे नाव उच्चारलं की ‘दरवर्षी वर चढो’ असंही ऐकू येतं. मासा तर दोन्हीकडे हवाच, कारण मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, यू. म्हणून मासा संपवायचा नाही. थोडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा, म्हणजे घरात वर्षभर शिल्लक राहते. ताटातला प्रत्येक पदार्थ असा काहीतरी मागत असतो. आम्हाला हे फार आवडलं.

आता ती दुसरी गोष्ट. या जेवणाला लग्न झालेली लेक कुठे? जुन्या रीतीप्रमाणे सासरी. नवऱ्याच्या आईवडिलांच्या घरी. लेक वर्षाच्या शेवटच्या रात्री माहेरी राहिली तर भावाच्या घराची बरकत जाते, अशी समजूतच होती. कितीतरी बायांनी लग्नानंतर एकदाही आपल्या आईबरोबर हे जेवण घेतलं नाही. लग्न झालेली लेक म्हणजे सांडलेलं पाणी, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. सासूच्या हाताखाली वीस माणसांचं रांधायचं. काही भागांत तर पाहुणे मंडळी आणि घरचे पुरुष मुख्य टेबलाशी, आणि रांधणाऱ्या बायका आत स्वयंपाकघरात जेवणार. हे अजूनही काही घरांत चालतं, आणि दर सणाला चिनी मुली त्यावरून इंटरनेटवर कडाकडा भांडतात.

लेकीचा दिवस येतो नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, काही भागांत तिसऱ्या. त्या दिवशी ती नवरा आणि मुलांना घेऊन, जोडीनं मोजलेल्या भेटी घेऊन माहेरी जाते. माहेराला त्यांचा शब्द आहे न्यांग-ज्या, म्हणजे आईचं घर. आपलं माहेरही मातृगृहावरूनच आलेलं. पण मुलांच्या तोंडी बापाची आई ती आजी, आणि आईची आई ती, पुष्कळ भागांत, ‘बाहेरची आजी’. शब्दच तसा आहे. त्या आजीनं दोन दिवस आधीपासून लेकीच्या आवडीचं करून ठेवलेलं असतं. पंगत मोठी नसली तरी त्या दिवशी लेक चुलीपाशी फिरकलेली तिला चालत नाही.

हे असंच चाललं असतं, पण मधे एक मोठा बदल झाला. १९८०च्या सुमाराला सरकारनं एका जोडप्याला एकच मूल असा नियम आणला. तो २०१५ च्या अखेरीपर्यंत होता. खेड्यांत बऱ्याच ठिकाणी पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या मुलाला परवानगी मिळे, पण शहरांत सक्ती कडक होती. त्या नियमानं बायकांचे फार हाल झाले. सक्तीचे गर्भपात झाले, मुलगा हवा म्हणून मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या. त्याबद्दल दोन शब्दांत बोलून भागणार नाही. पण ज्या एकुलत्या लेकी जन्मल्या, वाढल्या, त्यांच्या आईबापांपुढे नवाच प्रश्न आला. भाऊ नाही. लेक सासरी गेली की त्या रात्री टेबलाशी फक्त दोन म्हातारी माणसं.

जावईही बहुधा एकुलता. त्यामुळे सण महिन्यावर आला की घरोघरी वाद सुरू, यंदाचं जेवण कुणाच्या घरी? कुणी आलटून-पालटून जातं, एक वर्ष सासरी, एक वर्ष माहेरी. कुणी दोन्हीकडच्या आईबापांना आपल्या शहरातल्या घरी बोलावतं. त्यात दोन विहिणी एका स्वयंपाकघरात, तेव्हा काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको! कुणी हॉटेलात टेबल घेतं. आणि काही नवराबायको सरळ आपापल्या आईकडे जातात. लोक नावं ठेवतात, ठेवोत. आम्हाला यातलं आलटून-पालटून बरं वाटतं. मात्र ‘यंदा सासूबाई आजारी आहेत’ म्हणून माहेरचं वर्ष पुढे ढकललं जातं, हे तिकडच्याही बाया सांगतात.

सांडलेलं पाणी ही म्हण नुसती जेवणापुरती नव्हती. चीनमध्ये खेड्यातली जमीन गावाच्या सामाईक मालकीची असते आणि कुटुंबांना कसायला मिळते. लेक लग्न करून दुसऱ्या गावी गेली की कितीतरी गावं तिचं नाव यादीतून काढत, आणि सासरच्या गावात नवी जमीन वाटायला उरलेली नसे. इकडेही नाही, तिकडेही नाही. वारशात मुलगा-मुलगी समान हे त्यांच्या कायद्यानं १९८५ सालीच म्हटलं होतं, पण गावाची यादी वेगळीच चाले. १ मे २०२५ पासून गावाच्या सामाईक संस्थांसाठी नवा कायदा लागू झाला. बाईचं लग्न झालं, मोडलं, किंवा ती विधवा झाली, या कारणानं तिचा हक्क काढता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. आपल्याकडे भाऊबीजेच्या साडीबरोबर हक्कसोडीचा कागद पुढे येतो, ते आठवलं ना?

सण संपतो पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला. कंदील लावतात आणि थांग-युआन खातात. चिकट तांदळाच्या पिठाचे बोराएवढे गोळे, आत काळ्या तिळाचं आणि साखरेचं सारण, गरम पाण्यात तरंगणारे. आपल्या मोदकाच्या पिठानं करून बघाल तर ते फुटतील. त्यांचा तांदूळ वेगळा, जास्त चिकट असतो. गोळा गोल, म्हणजे सगळं घर एकत्र.

पण तोवर घर एकत्र राहिलेलं नसतं. सरकारी सुट्टी आठ-नऊ दिवसांची. लेक निघते तेव्हा आई गाडीत सामान भरायला लागते. खारवलेलं मांस, वाळवलेल्या भाज्या, घरचं तेल, फोडून साफ केलेली कोंबडी. अंडी वाटेत फुटू नयेत म्हणून तांदळाच्या पोत्यात खुपसून. लेक म्हणते, अगं शहरात सगळं मिळतं. आई ऐकत नाही. आणखी एक भोपळा कुठे बसतो का ते बघत असते.